‘डिसअपिअर’ला ‘इज’ लावू नका

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशातल्या एका बाईंसाठी मी भाषांतराचं काम करत होतो. त्यांनी पाठवलेला मजकूर माझ्या संगणकातून उडाला आणि तो परत मागायची वेळ आली. मी मेल केली, ‘द फाइल वॉज डिसअपिअर्ड फ्रॉम माय कम्प्युटर.’ तासाभरात उत्तर आलं. फाइल जोडलेली होती आणि वर दोनच शब्द होते: ‘बाय हूम?’ कोणी केली? मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. चेष्टाच होती, पण चुकीवर नेमकं बोट ठेवणारी. मला म्हणायचं होतं की फाइल गायब झाली. माझं वाक्य सांगत होतं की कोणीतरी फाइल गायब केली.

मी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा होता, स्पेलिंग बरोबर होतं, फक्त एक ‘वॉज’ जास्तीचा होता. तो आला कुठून, हे कळायला मला बराच काळ लागला. तो माझ्या मराठीतून आला होता.

मराठीत एखादी गोष्ट नाहीशी व्हायची असेल तर तिला ‘होणे’ लागतं. गायब होणे, अदृश्य होणे, नाहीसं होणे, लुप्त होणे, बेपत्ता होणे, पसार होणे. पहिला शब्द नुसता काय झालं ते सांगतो, क्रियापदाचं ओझं ‘होणे’ वाहतं. मग इंग्रजी बोलताना आपण डोक्यात दोन ठोकळे शेजारी ठेवतो. ‘गायब’ म्हणजे ‘डिसअपिअर्ड’ आणि ‘झाली’ म्हणजे ‘वॉज’. ‘गायब आहे’ असेल तर ‘इज डिसअपिअर्ड’. पण इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘होणे’ आधीच बसलेलं आहे. ‘डिसअपिअर’ म्हणजे ‘गायब’ नव्हे, अख्खं ‘गायब होणे’. एवढं एकदा मनात बसलं की या क्रियापदाच्या बहुतेक चुका आपोआप गळून पडतात. बाकीच्या कशा टाळायच्या ते पायरीपायरीनं बघू.

पायरी पहिली: शब्द फोडून बघा

‘डिस’ आणि ‘अपिअर’ असे दोन तुकडे आहेत. ‘अपिअर’ म्हणजे दिसू लागणे, समोर येणे. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला आणि मुळात दृष्टीस पडण्याबद्दलच आहे. ‘डिस’नं त्याला उलटं केलं. इंग्रजीत हा जोडशब्द पंधराव्या शतकापासून सापडतो. गंमत म्हणजे त्यांचा ‘डिस’ नकार देतो आणि आपला ‘दिस’ डोळ्यांसमोर आणतो. पाठ करायला ही उलटापालट बरी पडते.

शब्दाच्या घडणीच्या दृष्टीनं मराठीतला त्याचा सगळ्यात जवळचा भाऊ ‘गायब होणे’ नाही, ‘दिसेनासं होणे’ आहे. दिसण्याचं काम चालू होतं आणि ते थांबलं, एवढंच दोन्ही शब्द सांगतात. वस्तू उरली की संपली याबद्दल दोघंही गप्प. ‘द मून डिसअपिअर्ड बिहाइंड द क्लाउड्स’ म्हटलं तर चंद्र जागेवरच आहे, आपल्याला दिसत नाही इतकंच. ‘द डायनोसॉर्स डिसअपिअर्ड’ म्हटलं तर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ते संपले, ढगाआड गेले नाहीत. मराठीत आपण पहिल्याला ‘दिसेनासा झाला’ आणि दुसऱ्याला ‘नामशेष झाले’ म्हणू. इंग्रजी दोन्हीकडे एकच शब्द वापरतं आणि अर्थ ठरवायचं काम शेजारच्या शब्दांवर सोडतं. म्हणून वाचताना ‘डिसअपिअर’ दिसला की लगेच ‘नष्ट होणे’ असं भाषांतर करू नका. आधी पुढचे दोन शब्द वाचा.

पायरी दुसरी: स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंगमध्ये एस एक आणि पी दोन. डी, आय, एस, ए, डबल पी, ई, ए, आर. लोक नेमकं उलटं करतात, एस दोनदा आणि पी एकदा. उपाय सोपा आहे: शब्द डोक्यात फोडूनच लिहा. ‘अपिअर’मध्ये डबल पी आहेच, तो तसाच ठेवायचा आणि पुढे ‘डिस’ चिकटवायचा. ‘डिसअपॉइंट’ आणि ‘डिसअप्रूव्ह’ यांचंही तसंच. ‘डिससॅटिस्फाय’मध्ये एस दोनदा येतो, कारण तिथे ‘सॅटिस्फाय’ स्वतःचा एस घेऊन येतो. ‘अपिअर’जवळ आणायला एसच नाही.

उच्चारात तीन अवयव: डिस, अ, पिअर. जोर शेवटच्यावर. मराठीत आपण हा शब्द पुष्कळदा ‘डिसॅपिअर’ असा लिहितो आणि मग तसाच बोलतो. मधला स्वर ‘ॲ’ नाही, अगदी हलका ‘अ’ आहे, बोलला न बोलल्यासारखा. आणि ‘डिस’मधला स कडक आहे. ‘डिझीज’, ‘डिझास्टर’ यांच्या सवयीनं ‘डिझअपिअर’ म्हणू नका. शेवटचा र अमेरिकन माणूस स्पष्ट उच्चारतो, ब्रिटिश बहुतेक वेळा गिळतो. दोन्ही चालतं.

भूतकाळाच्या शेवटी ‘ड’ ऐकू येतो: डिसअपिअर्ड. त्याचा चुलतभाऊ ‘व्हॅनिश’ मात्र भूतकाळात ‘व्हॅनिश्ट’ होतो, शेवटी ट. स्पेलिंग दोन्हीकडे ई-डीच आहे. ‘व्हॅनिशेड’ असं तीन अवयवांत कोणी म्हणत नाही.

पायरी तिसरी: ‘इज’ आणि ‘वॉज’ बाहेर काढा

हाच या लेखाचा गाभा, म्हणून इथे जरा थांबू. एक वाक्य घेऊ: ‘माझी किल्ली गायब झाली आहे.’

डोक्यात पहिल्यांदा काय येतं? ‘माय की इज डिसअपिअर्ड.’ हे लिहा आणि त्याला बाईंचा प्रश्न विचारा: बाय हूम? ‘द विंडो इज ब्रोकन’ला हा प्रश्न विचारता येतो, कारण काच कोणीतरी फोडू शकतं. ‘द लेटर वॉज रिटन’लाही विचारता येतो. ‘डिसअपिअर’ला विचारता येत नाही. गायब होणं ही किल्लीची स्वतःची करणी आहे, तिथे दुसरा कर्ता नाही. दुसरा कर्ता नाही म्हणजे कर्मणी प्रयोग नाही, आणि कर्मणी नाही म्हणजे ‘इज’ आणि ई-डीवालं रूप एकत्र येणार नाहीत.

आता ‘इज’ काढून टाकला. राहिलं ‘माय की डिसअपिअर्ड’. व्याकरण शुद्ध झालं, पण ‘आहे’ मात्र हातातून सुटला. मूळ वाक्यात किल्ली आत्ताही सापडत नाही, हे त्या ‘आहे’मध्ये होतं. ते परत आणायला ‘हॅज’ लागतो: ‘माय की हॅज डिसअपिअर्ड.’ झालं. ‘गायब झाली आहे’मधला ‘आहे’ इंग्रजीत ‘इज’ होत नाही, ‘हॅज’ होतो. अनेकवचनात ‘हॅव’, ‘गायब झाली होती’ला ‘हॅड’.

‘गॉट डिसअपिअर्ड’ हीसुद्धा तीच चूक आहे, नुसते कपडे बदललेली.

‘वॉज’ दिसला की कापाच, असंही नाही. ‘द स्नो वॉज डिसअपिअरिंग’ अगदी बरोबर आहे, बर्फ हळूहळू नाहीसं होत होतं. पुढे आय-एन-जी असेल तर ‘इज’, ‘वॉज’ हवेतच. घोटाळा फक्त ई-डीवाल्या रूपाबरोबर होतो.

इथे चौकस वाचक विचारतो, ‘मग ‘द पेन इज गॉन’ कसं चालतं?’ चालतं, आणि रोज वापरलं जातं: दुखणं गेलं, आता नाही. यामागे जुना इतिहास आहे. शेक्सपिअरच्या काळात जाणे, येणे, विरघळणे अशा क्रियापदांना ‘हॅव’ऐवजी ‘बी’ची रूपं सर्रास लागत. ‘ही इज कम’ म्हणजे तो आला आहे. ‘द टेम्पेस्ट’ हे त्याचं नाटक 1611 च्या सुमाराचं. त्यात प्रॉस्पेरो आपल्या मायावी नटांबद्दल सांगतो की ते ‘आर मेल्टेड इन्टू एअर, इन्टू थिन एअर’, हवेत विरून गेले आहेत. आज हेच ‘हॅव मेल्टेड’ होईल. ती जुनी पद्धत पुढे मागे पडली आणि रोजच्या बोलण्यात ‘इज गॉन’ हा तिचा ठळक अवशेष उरला. त्यामुळे ‘डिसअपिअर’च्या रूपांनी डोकं दुखायला लागलं तर ‘इट्स गॉन’ म्हणा आणि मोकळे व्हा. पण त्याच्या जोरावर ‘इट्स डिसअपिअर्ड’मध्ये ‘इज’ आहे असं समजू नका. तिथे लपलेला शब्द ‘हॅज’ आहे. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पायरी चौथी: ‘गायब करणे’ कसं म्हणायचं

मराठीत ‘होणे’ काढून ‘करणे’ लावलं की काम झालं. जादूगार ससा गायब करतो. इंग्रजीत ‘द मजिशियन डिसअपिअर्ड द रॅबिट’ म्हणता येत नाही, कारण या क्रियापदाला कर्म चालत नाही. मदतीला ‘मेक’ घ्यावा लागतो: ‘द मजिशियन मेड द रॅबिट डिसअपिअर.’ क्रम बघा. आधी मेड, मग ससा, मग डिसअपिअर. मध्ये ‘टू’ नाही, शेवटी ई-डी नाही. भूतकाळाचं ओझं एकट्या ‘मेड’नं उचललं आहे. कर्मणी केलं की मात्र ‘टू’ परत येतो: ‘द रॅबिट वॉज मेड टू डिसअपिअर.’ हे वाक्य जादूच्या प्रयोगाबाहेर फारसं लागत नाही, पण माहीत असावं.

व्यवहारात ‘गायब केलं’ म्हणताना आपल्याला बहुतेकदा जादू अभिप्रेत नसते. ‘माझं पेन कोणी गायब केलं?’ म्हणजे कोणी उचललं. मग सरळ ‘हू टुक माय पेन?’ म्हणावं. ‘हू मेड माय पेन डिसअपिअर?’ म्हटलं तर समोरचा टोपीत हात घालून बघेल. तसंच डाग घालवायचा असेल, वास घालवायचा असेल, तिथे ‘गेट रिड ऑफ’ किंवा ‘रिमूव्ह’ नैसर्गिक वाटतं.

पायरी पाचवी: कुठे गायब झालं

या पायरीवर मांजराची मदत घेऊ. मांजर खोलीतून निसटतं त्या प्रत्येक वाटेला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. सोफ्यामागे गेलं तर ‘बिहाइंड द सोफा’. पलंगाखाली गेलं तर ‘अंडर द बेड’. कपाटात शिरलं तर ‘इन्टू द कबर्ड’. खिडकीतून बाहेर पडलं तर ‘थ्रू द विंडो’. जिन्यावरून खाली गेलं तर ‘डाउन द स्टेअर्स’, झाडावर चढून पानांत दिसेनासं झालं तर ‘अप द ट्री’, आणि कोपऱ्यावरून वळलं तर ‘अराउंड द कॉर्नर’. सगळ्यांच्या आधी तोच ‘द कॅट डिसअपिअर्ड’. क्रियापद नुसतं सांगतं की मांजर दिसेनासं झालं. कुठून आणि कसं गेलं, हे सगळं पुढचा छोटा शब्द सांगतो. मराठीत आपण ‘निसटलं’, ‘शिरलं’, ‘उतरलं’, ‘वळलं’ अशी क्रियापदं बदलतो, इंग्रजी शेपूट बदलतं.

यात मराठी माणूस हमखास घसरतो ती जागा म्हणजे ‘त’. ‘गर्दीत नाहीसा झाला’ यातला ‘गर्दीत’ आपण ‘इन द क्राउड’ करतो. आपला ‘त’ आत असण्यालाही चालतो आणि आत जाण्यालाही. इंग्रजी ही दोन कामं वेगळी ठेवतं. नाहीसं होताना माणूस बाहेरून आत जातो, म्हणून ‘इन्टू द क्राउड’. धुक्यात विरला, ‘इन्टू द फॉग’. अंधारात दिसेनासा झाला, ‘इन्टू द डार्कनेस’. ‘इन द फॉग’ म्हटलं तर तो धुक्यात आधीपासूनच होता आणि तिथेच कधीतरी नाहीसा झाला, असा अर्थ निघतो. चूक नाही, पण गोष्ट वेगळी.

ज्या जागेवरून वस्तू गेली तिला ‘फ्रॉम’: ‘द फाइल डिसअपिअर्ड फ्रॉम द फोल्डर.’ नजरेआड होण्यालाही ‘फ्रॉम साइट’ किंवा ‘फ्रॉम व्ह्यू’ लावतात. काहीतरी घेऊन पळाला तर ‘विथ’: ‘ही डिसअपिअर्ड विथ द मनी.’ इथे मराठीत ‘पसार झाला’ किंवा ‘पोबारा केला’ हेच शब्द खरे. मागमूस न ठेवता गेला तर ‘विदाउट अ ट्रेस’, ब्रिटिश लिखाणात पुष्कळदा मधला ‘अ’ गाळून नुसतं ‘विदाउट ट्रेस’. आणि ‘काय रे, कुठे गायब होतास?’ हा आपला लाडका प्रश्न ‘व्हेअर डिड यू डिसअपिअर टू?’ असा होतो. शेवटचा ‘टू’ विसरू नका. ‘व्हेअर वेअर यू डिसअपिअर्ड?’ ही तिसऱ्या पायरीवरची चूक पुन्हा मागच्या दारानं आत आलेली आहे.

पायरी सहावी: काळ

वेळ सांगितली असेल तर साधा भूतकाळ: ‘इट डिसअपिअर्ड यस्टरडे.’ वेळ न सांगता ‘अजून सापडलेलं नाही’ असं सुचवायचं असेल तर ‘हॅज डिसअपिअर्ड’. ‘इट हॅज डिसअपिअर्ड यस्टरडे’ मात्र नको.

चालू काळ कधी वापरायचा, हा प्रश्न जास्त रंजक आहे. नाहीसं होणं जिथे हळूहळू घडतं तिथेच ‘इज डिसअपिअरिंग’ शोभतं. हिमनद्या, जंगलं, बोलणारे कमी होत चाललेल्या भाषा. पेन एका क्षणी असतं आणि दुसऱ्या क्षणी नसतं, ते ‘गायब होत’ नसतं. ‘माझं पेन सारखं गायब होतं’ यातला ‘सारखं’ म्हणजे वारंवार, त्याला इंग्रजीत ‘कीप’ लागतो: ‘माय पेन कीप्स डिसअपिअरिंग.’ हे वाक्य पाठच करा, रोज उपयोगी पडतं. पेनच्या जागी चष्मा, चार्जर, मोजा, काहीही घाला.

पायरी सातवी: ‘व्हॅनिश’ कधी वापरायचा

‘व्हॅनिश’ लॅटिनमधल्या ‘रिकामं’ या अर्थाच्या शब्दाच्या कुळातला. तोही कर्माशिवाय वापरायचा, त्यालाही ‘इज’ लावायचा नाही, व्याकरण सगळं तेच. फरक चवीचा आहे. ‘डिसअपिअर’ सगळीकडे चालतो, हळू, पटकन, कसंही. ‘व्हॅनिश’मध्ये अचानकपणा असतो, आणि ‘हे झालं कसं?’ हा न विचारलेला प्रश्नही. आपल्याकडे ‘छूमंतर झाला’, ‘अंतर्धान पावला’ म्हणताना जो सूर लागतो तो. म्हणून ‘सडनली व्हॅनिश्ट’ म्हणायची गरज बहुधा नसते, ‘सडनली’ आतच आहे.

प्रॉस्पेरोची ती ‘थिन एअर’ पुढे वाक्प्रचार झाली आणि आता ‘व्हॅनिश इन्टू थिन एअर’ किंवा ‘डिसअपिअर इन्टू थिन एअर’ असं रुळलेलं आहे. ‘थिन’ गाळून नुसतं ‘इन्टू एअर’ म्हटलं की कानाला काहीतरी कमी वाटतं.

हा शब्द आपल्याला वाटतो तितका अनोळखी नाही. ‘व्हॅनिशिंग क्रीम’ मराठीत कधीच स्थिरावलं आहे. लावल्यावर त्वचेत मुरून दिसेनासं होतं म्हणून ते व्हॅनिशिंग. चित्रकलेत ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ असतो: लांब जाणारे रुळ जिथे एकत्र येऊन संपल्यासारखे दिसतात तो बिंदू. गणितात एखादं फल ‘व्हॅनिश’ झालं म्हणजे त्याची किंमत शून्य झाली. तिथे मात्र अचानकपणा वगैरे काही नाही, गणितवाल्यांना नाट्याशी देणंघेणं नसतं. या जोड्या ठरलेल्या आहेत, ‘डिसअपिअरिंग क्रीम’ म्हटलं तर डबीच पळून जाईल. उलट व्हॉट्सॲपनं 2020 मध्ये आणलेले, ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाणारे मेसेज ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ म्हणून ओळखले जातात. ते ठरल्या वेळी जातात, त्यात गूढ काही नाही. शब्द योग्य निवडला, असं मला वाटतं.

नाम हवं असेल तर ‘डिसअपिअरन्स’. ‘व्हॅनिश’चं तसं रोजच्या वापरातलं नाम नाही, तिथेही ‘डिसअपिअरन्स’वरच भागवतात.

पायरी आठवी: कुठे वापरायचा नाही

मराठीत जे जे ‘जातं’ ते ते इंग्रजीत ‘डिसअपिअर’ होत नाही. दिवे गेले, ‘द लाइट्स वेंट आउट’. सर्दी गेली, ‘द कोल्ड वेंट अवे’. औषधाचा असर उतरला, ‘वोअर ऑफ’. रंग विटला, ‘फेडेड’. मीठ पाण्यात नाहीसं झालं, ‘डिझॉल्व्ह्ड’, आणि हा शब्द मात्र झ घेऊन बोलायचा, स्पेलिंगमध्ये डबल एस असला तरी. सूर्य मावळला, ‘सेट’. एखादी चाल किंवा प्रथा बंद पडली, ‘डाइड आउट’. प्राण्याची जात नामशेष झाली, ‘बिकेम एक्स्टिंक्ट’. इथे ‘डिसअपिअर्ड’ चालतो, पण शास्त्रीय लिखाणात नेमका शब्द वापरलेला बरा. ‘अदृश्य’ या अर्थाचा ‘इनव्हिझिबल’ वेगळाच आहे. अदृश्य माणूस खोलीतच असतो, फक्त दिसत नाही.

‘हरवलं’ आणि ‘गायब झालं’ यांतला फरक तर आपल्याला उपजत माहीत असतो. ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’ म्हटलं की चूक माझी. ‘माय कीज हॅव डिसअपिअर्ड’ म्हटलं की चूक किल्ल्यांची. अंगाला लावून घ्यायचं नसेल तेव्हा माणूस दुसरं वाक्य निवडतो, मग भाषा कुठलीही असो.

माणूस बेपत्ता असेल तर ‘गो मिसिंग’ आणि ‘मिसिंग’. शोध चालू असण्याचा भाव त्यात आहे. तक्रार लिहिताना ‘शी हॅज गॉन मिसिंग’ किंवा ‘शी इज मिसिंग’. इथला ‘इज’ निर्धोक आहे, कारण ‘मिसिंग’ इथे विशेषण आहे.

एक अपवाद, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही

वर म्हटलं की ‘डिसअपिअर’ला कर्म चालत नाही आणि ‘वॉज डिसअपिअर्ड’ चूक आहे. एका ठिकाणी ते मुद्दाम बरोबर असतं. अर्जेंटिनात 1976 ते 1983 या काळात लष्करी राजवट होती. तिनं हजारो माणसांना उचलून नेलं. अटकेची नोंद नाही, खटला नाही, बहुतेकांचे मृतदेहही नाहीत. घरचे विचारायला गेले की उत्तर एकच, आम्हाला माहीत नाही. स्पॅनिशमध्ये या लोकांना ‘देसापारेसिदोस’ म्हणू लागले, गायब झालेले. ब्युनोस आयरेसमधल्या प्लाझा दे मायो या चौकात 30 एप्रिल 1977 पासून त्यांच्या आया जमू लागल्या. पुढे डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल ही त्यांची खूण झाली. माणसं आपोआप गायब होत नाहीत, त्यांना कोणीतरी गायब करतं, असं त्या सांगत होत्या. इंग्रजीत या लोकांना ‘द डिसअपिअर्ड’ म्हणतात, आणि ‘ही वॉज डिसअपिअर्ड’ म्हणजे सत्तेनं त्याला गुपचूप नाहीसं केलं. संयुक्त राष्ट्रांनी अशा कृत्यांविरुद्धचा करार 20 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला. त्यात शब्द आहेत ‘एन्फोर्स्ड डिसअपिअरन्स’, सक्तीनं गायब केलं जाणं. 30 ऑगस्ट हा दिवस या बळींच्या स्मरणार्थ पाळतात.

म्हणजे नेहमी रिकामी असणारी कर्त्याची जागा इथे भरलेली असते, आणि ती भरलेली आहे हे दाखवायलाच व्याकरण वाकवलेलं आहे. माझ्या त्या मेलमधली फाइल एवढी मोठी नव्हती. पण ‘बाय हूम?’ हा प्रश्न इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात का उठतो, ते यावरून कळतं.

हात बसवायला

आता वर न बघता काही वाक्यं करा. ‘सूर्य ढगाआड दिसेनासा झाला.’ ‘ती गर्दीत नाहीशी झाली.’ ‘माझे मोजे सारखे गायब होतात.’ ‘सगळे पुरावे नाहीसे झाले होते.’ ‘तो दोन महिने गायब आहे.’

पहिल्यात ‘बिहाइंड अ क्लाउड’, दुसऱ्यात ‘इन्टू द क्राउड’, तिसऱ्यात ‘कीप डिसअपिअरिंग’. मोजे अनेक, म्हणून ‘कीप्स’ नाही. चौथ्यात ‘ऑल द एव्हिडन्स हॅड डिसअपिअर्ड’. ‘एव्हिडन्सेस’ नको, इंग्रजीत पुरावा मोजत नाहीत.

पाचवं अवघड आहे, मुद्दाम शेवटी ठेवलं. ‘ही इज डिसअपिअर्ड सिन्स टू मन्थ्स’ तर तुम्ही आता लिहिणार नाही. ‘ही हॅज डिसअपिअर्ड फॉर टू मन्थ्स’ लिहिण्याचा मोह होईल, पण गायब होणं क्षणात उरकतं, ते दोन महिने चालू राहत नाही. चालू राहते ती बेपत्ता असण्याची अवस्था, म्हणून ‘ही हॅज बीन मिसिंग फॉर टू मन्थ्स’. ‘डिसअपिअर’च वापरायचा असेल तर ‘ही डिसअपिअर्ड टू मन्थ्स अगो’. आणि ‘ही डिसअपिअर्ड फॉर टू मन्थ्स’ हेही शुद्धच वाक्य आहे, पण त्यात तो दोन महिने कुठेतरी जाऊन परत आलेला असतो. ‘अगो’मध्ये त्याच्या घरचे अजून वाट बघत असतात.